नुवाकोटचं घर : साइटच्या नोंदी, नोव्हेंबर २०१७

१ नोव्हेंबर, बुधवार, रेल्वेत

पुणे-गोरखपूर गाडी, अजून मनमाड आलं नाही आणि लेट झालीय. नोंदी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं कारण साइटवर डेली रिपोर्ट लिहायची सवय आमच्यात मलाच. आम्ही सहा जण. मी सिव्हिलवाली, दोघं आयटीतले, एक नर्स ताई, एक रिटायर्ड गुरुजी आणि त्यांचा पुतण्या. त्यातले गुरुजी, पुतण्या आणि मी औसा तालुक्यातले, म्हणजे किल्लारीच्या भूकंपाच्या पट्ट्यातले.

काम असं आहे की नेपाळच्या नुवाकोट जिल्ह्यात, त्रिशूली नदीच्या वरच्या डोंगरातल्या एका गावात २०१५ च्या भूकंपात पडलेलं घर परत उभं करायचं. दोन गवंडी, घरची माणसं आणि आम्ही हेल्पर. ज्या संस्थेतर्फे चाललोय तिच्या इंजिनिअरनी फोनवरच सांगून टाकलंय की पूर्ण घर तुमच्या हातून होणार नाही, जोतं तयार आहे, तिथून लिंटेलपर्यंत, म्हणजे दार-खिडक्यांच्या माथ्यापर्यंत, नेलंत तरी भरून पावलो. ऐकून बरंच वाटलं. दोन आठवड्यात एका कुटुंबाला घर असली पोस्टरं मी बघितलीत, दगडमातीची भिंत त्या वेगानं कोणी चढवत असेल तर त्या घरात मी तरी झोपणार नाही.

३ नोव्हेंबर, भैरहवा

गोरखपूरहून सुनौली, बसनं तीनेक तास, मग बॉर्डर चालत ओलांडली. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार कार्ड दाखवलं की झालं, कोणी तेही नीट बघितलं नाही. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं.

पैशाचं मात्र लक्षात ठेवा. शंभर भारतीय म्हणजे एकशे साठ नेपाळी, हा रेट ठरलेला आहे, पण नवीन पाचशे आणि दोन हजार सध्या, २०१७ मध्ये, इथे चालत नाहीत, शंभरच्याच नोटा. हॉटेलवाल्या दाजूंनी (इथे दादाला दाजू किंवा दाइ म्हणतात) गल्ल्याच्या खालून आपल्या जुन्या पाचशेच्या नोटा काढून दाखवल्या, नोटाबंदीत अडकलेल्या, इथे कोणी बदलूनच दिल्या नाहीत. आता आम्ही काय बोलणार. चहाचे पैसे नेपाळीत दिले आणि निघालो.

४ नोव्हेंबर, लुंबिनी

आज शनिवार, नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारची असते, वर कार्तिक पौर्णिमा, त्यामुळे गर्दी. मायादेवी मंदिरात आत जुन्या विटांचे पाये आहेत आणि त्यावरून लाकडी वाट केलीय, फोटो काढू देत नाहीत ते बरंच आहे. बाहेर अशोकाचा स्तंभ. राज्याभिषेकाला वीस वर्षं झाल्यावर राजा स्वतः इथे आला, इथे बुद्ध जन्मले म्हणून लुंबिनी गावाचा एक कर माफ केला आणि उत्पन्नातला वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असं त्यावर कोरलंय. गुरुजी म्हणले बघा, सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचा शेतसारा माफीचा जीआर, आणि दगडावर असल्यामुळे कोणाला फिरवता आला नाही.

विदर्भातून आलेली एक बस होती, पांढऱ्या साड्यांतल्या आज्यांनी आमचं मराठी ऐकून लगेच घोळक्यात घेतलं. आम्ही घर बांधायला चाललोय म्हणल्यावर त्यातली एक म्हणाली, आपले बाबासाहेब पण काठमांडूला आले होते ना. आले होते खरे, १९५६ च्या नोव्हेंबरात, जागतिक बौद्ध परिषदेला, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर महिन्याभरात. आजीनी शिदोरीतल्या दशम्या दिल्या, त्या उद्याच्या बसला कामी येणार.

आजूबाजूला देशोदेशीचे विहार आहेत, थायलंडचा, म्यानमारचा, जर्मनीचा, सगळं एका सरळ कालव्याच्या दोन बाजूला. केन्झो तांगे या जपानी आर्किटेक्टचा प्लॅन, १९७८ चा. चालून चालून पाय गेले, सायकल भाड्यानं घ्या.

५ नोव्हेंबर, बसमध्ये आणि रात्री त्रिशूली बाजार

नारायणगढ ते मुग्लिंग रस्ता रुंद करायचं काम चाललंय, डोंगर कापून ठेवलाय, त्यात गाडी किती वेळ उभी होती विचारू नका. एका बाजूला नदी, एका बाजूला कच्चा कापलेला डोंगर, दरडीला आधाराची भिंत काही ठिकाणी अजून व्हायचीय. मी पूर्ण वेळ तेच बघत बसले, ताई म्हणाली तू झोप बाई. पुढे गल्छीवरून त्रिशूली. चीनच्या हद्दीकडे, रसुवागढीला जाणारे ट्रक याच रस्त्यानं जातात त्यामुळे धूळच धूळ. दशम्या संपल्या.

७ नोव्हेंबर, साइट, दुसरा दिवस

काल नुसतं दगड वाहिले, लिहायची ताकद नव्हती.

घर आमांचं, आमा म्हणजे आई, घरातल्या सासूबाई. सासू आणि सून आणि एक नात, मुलगा कतारला. गावात तरणी पोरं जवळपास नाहीतच, सगळी गल्फ नाहीतर मलेशिया, म्हणून गवंडी मिळत नाही आणि मिळाला तर रोज हजार नेपाळीच्या पुढे. तिसरा हिवाळा पत्र्याच्या शेडमध्ये चाललाय. पत्रा आतून पहाटे ठिबकतो, बाहेर पाऊस नसताना. किल्लारीच्या भूकंपानंतर, मी पहिलीत होते तेव्हा, आम्हीपण असल्याच शेडमध्ये होतो, तो थेंब बरोबर मानेवर पडतो, मला सांगायला नको.

सरकारी मदत तीन लाख नेपाळी, म्हणजे आपले एक लाख सत्याऐंशी हजार पाचशे, तीन हप्त्यांत. करार झाला की पन्नास हजार, जोतं झालं आणि इंजिनिअरनी पास केलं की दीड लाख, भिंती झाल्या की शेवटचे एक लाख. ज्यांच्याकडे लालपुर्जा म्हणजे जमिनीचा कागद नाही त्यांचं अडून बसलंय. आमांचा कागद सासऱ्यांच्या नावावर होता, वारस लावायलाच वर्ष गेलं. तीन लाखात घर होत नाही हे सगळ्यांना माहितीय, म्हणून वाटेत एका खोलीची कितीतरी घरं दिसली, हप्ता सुटावा म्हणून बांधलेली, आणि शेजारी पूर्वीसारखीच शेड, ज्यात लोक खरंच राहतात.

इथला दिवस वेगळा. सकाळी सातला काम सुरू, दहाला दालभात पोटभर, दोनला खाजा म्हणजे चिवडा-चहा असं काहीतरी, अंधार पडायच्या आत बंद. दहाला भात खाल्ल्यावर आपल्याला झोप येते, त्यांना नाही येत.

८ नोव्हेंबर

आज भिंतीचे पहिले थर. इथला गवंडी म्हणजे डकर्मी, आमचे मोठे डकर्मी दाइ साठीचे असतील. अठरा इंची भिंत, बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मध्ये चिपा आणि चिखल. आपल्याकडची जुनी भिंत पण अशीच की. फरक एवढाच की आपल्याकडे अडीच-तीन फूट जाड असायची आणि डोक्यावर माळवद, मातीचा फूटभर थर, दरवर्षी त्यावर अजून माती.

खरी गंमत दुपारी. थ्रू स्टोन म्हणजे भिंतीच्या या तोंडापासून त्या तोंडापर्यंत जाणारा अख्खा दगड, उभ्यात दर दोन फुटांना आणि आडव्यात दर चार फुटांना एक पाहिजे, नाहीतर हादरा बसला की दोन तोंडं सुटी होतात, बाहेरची बाहेर पडते आणि आतली आत, माणसांवर. तरुण इंजिनिअर म्हणाला एवढा लांब दगड मिळत नाही, आपण काँक्रीटचे ओतू. मोठे दाइ काही बोलले नाहीत. पडक्या घराच्या ढिगाऱ्यात गेले, पहारीनं दोनचार दगड उलथे केले आणि एक चांगला पावणेदोन फुटी दगड ओढून काढला. एका बाजूनं घासून घडवलेला, म्हणजे जुन्या भिंतीत तो दर्शनी बाजूला आडवा लावलेला होता, तोंड छान दिसावं म्हणून. तसे अजून निघाले. लांब दगड होते की त्या घरात! फक्त भिंतीच्या लांबीत झोपवले होते, जाडीत घातले नव्हते.

मग तो दगड बसवला, मी एक टोक धरलं होतं. खाली चिखल कमीच पसरायचा, दगड दगडावर टेकला पाहिजे. ठेवला, हलवून बघितला, एका कोपऱ्यात डगमगत होता, दाइंनी हातोडीच्या मागच्या बाजूनं एक चीप सरकवली, परत हलवला, परत एक पातळ चीप, मग तळहातानं दाबलं आणि मान हलवली. ओळंबा सोडला. अर्धी सुपारी बाहेर होता तेवढा छाटला. मला सारखं "बिस्तारै बहिनी, बिस्तारै" म्हणजे हळू, घाई नको. पुण्यात मी दिवसाला स्लॅबच्या क्युबिक मीटरचा हिशेब लिहिते, इथे एका दगडाला वीस मिनिटं.

९ नोव्हेंबर

ढिगाऱ्यातले लांब दगड पुरणार नाहीत म्हणून काँक्रीटचे पण ओतले. लाकडी साचे, अठरा इंच लांब, मध्ये एक सळई. आठवडाभर पाणी मारून मग वरच्या थरांत जातील. पाणी मारायचं काम नातीनं स्वतःकडे घेतलंय, आम्हाला हात लावू देत नाही.

रात्री किल्लारीचा विषय निघालाच. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चार वाजायच्या जरा आधी, गणपती विसर्जनाची रात्र, सगळे दमून घरात झोपलेले. इथला भूकंप शनिवारी बारा वाजायच्या आत, ११:५६ ला, शाळा बंद, माणसं शेतात. रिश्टरच्या हिशेबात इथला कितीतरी मोठा, ७.८, आपला सव्वासहाच्या आसपास, पण इथे आजूबाजूचे देश धरून नऊ हजारांच्या आसपास माणसं गेली आणि आपल्याकडे मूठभर गावांत जवळजवळ तेवढीच. गुरुजी म्हणले वेळ आणि माळवद, दोघांनी मारलं. आमा आणि सून दोघी शेतात होत्या, त्या म्हणाल्या रात्री झाला असता तर तुम्ही कोणासाठी आला असता.

आपल्याकडे नंतर बावन्न गावं उचलून नव्या जागी नेली. रुंद रस्ते, ओळीत घरं, काँक्रीट. लोकांना दगडाची इतकी धास्ती बसली की चांगला दगड फुकट पडून राहिला. त्यात चूक काय म्हणणार, ज्यानं घरच्यांना दगडाखालून काढलंय त्याला थ्रू स्टोन समजवायला कोण जाईल. पण ज्या गावांत घरं तडकली आणि उभी राहिली तिथे आपल्याच इंजिनिअर लोकांनी जुन्या भिंतींना आरपार भोकं पाडून आत आकड्याची सळई आणि काँक्रीट भरलं होतं, तो उपाय आणि इथला दगड एकच काम करतो. इथे गाव हलवलं नाही, ज्याचं त्यानं जिथल्या तिथे बांधायचं, दगड तोच, माती तीच, बांधायची पद्धत बदलायची. मला हे जास्त पटतं. गुरुजींना नाही पटत, ते म्हणतात तू शेडमध्ये होतीस, मी ढिगाऱ्यावर होतो. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

१० नोव्हेंबर

दगड. पाठीवर डोको म्हणजे टोपली आणि कपाळावरून नाम्लो म्हणजे तिचा पट्टा घेऊन सून माझ्या दुप्पट नेते. आयटीतल्या एकाला अंगठ्यावर दगड बसला, नख काळं, ताईनी बर्फ नाही म्हणून नदीच्या पाण्यात बसवला.

११ नोव्हेंबर, शनिवार, नुवाकोट दरबार

सुट्टी. खाली उतरून परत वर चढून नुवाकोटचा सात मजली दरबार बघितला. गोरख्याचे राजे पृथ्वीनारायण शाह यांचा. १७४४ ला नुवाकोट घेतलं, इथे बसून काठमांडूच्या वाटा आवळल्या आणि १७६८ ला काठमांडू घेतलं. गुरुजींचं गणित लगेच सुरू, म्हणजे आपलं पानिपत झालं त्या सुमाराला हा गडी इथे वाट बघत बसला होता, चोवीस वर्षं, घाई नाही. नंतर नानासाहेब पेशवे ५७ च्या धामधुमीनंतर नेपाळातच आले हेही ऐकवून झालं.

इमारत वीट आणि लाकूड, भूकंपात भेगा पडल्यात, बाहेरून मोठाल्या लाकडांचे टेकू लावलेत, आत सोडत नाहीत. मी टेकूंचेच फोटो काढले, बाकीच्यांनी गणेश हिमाल या बर्फाच्या डोंगराचे. तो आज पूर्ण उघडा होता, बघून झाल्यावर पण परत परत मान तिकडेच वळत होती. भैरवीच्या देवळात आमांनी दिलेली वात लावली. येताना भिंतीभिंतीवर सूर्य आणि झाडाच्या खुणा रंगवलेल्या, २६ तारखेला इथे मतदान आहे.

१३ नोव्हेंबर

खिडकीच्या खालचा पट्टा आज बसला. लाकडाचा, साल वृक्षाच्या. सामुदायिक वनातून आमांना कोट्यातून मिळालाय, त्याची चिठ्ठी जपून ठेवलीय. दोन लांब लाकडं भिंतीच्या दोन तोंडांवर, मध्ये दर दोनेक फुटांना आडवी पट्टी ठोकायची, शिडी आडवी ठेवल्यासारखं. चारी भिंतींवरून सलग, आणि कोपऱ्यात सांधा पक्का पाहिजे, सगळा खेळ कोपऱ्याचा. हादऱ्यात भिंत कोपऱ्यातून उघडते, हा पट्टा तिला चारी बाजूंनी बांधून ठेवतो. असाच लिंटेलवर एक आणि छताखाली एक.

सिकर्मी म्हणजे सुतार, एकटाच आहे आणि आठ घरांत वाटला गेलाय. दुपारनंतर आला. तोवर आम्ही चिपा फोडल्या.

१४ नोव्हेंबर

खिडकीवरून वाद. आमांना दक्षिणेला मोठी खिडकी पाहिजे, जुन्या घरात होती, तिथून शेत आणि येणारीजाणारी वाट दिसायची. इंजिनिअर म्हणतो कोपऱ्यापासून दोन फूट भिंत सोडलीच पाहिजे आणि एका भिंतीत इतकं मोठं भगदाड चालणार नाही, हप्ता अडेल. आमांनी आवाज वाढवला नाही, त्या नुसत्या जाऊन तिथे उभ्या राहिल्या जिथे खिडकी हवी होती. शेवटी मोठ्या दाइंनीच तोड काढली, खिडकी लहान करायची पण उजवीकडे सरकवायची, म्हणजे वाट दिसते, शेत अर्धं दिसतं. सुनेला वरचा मजला पाहिजे होता, त्याला तर सरळ नाही. एक मजला आणि वर माळा, बस्स. आणि वरचं त्रिकोणी तोंड दगडाचं नाही करायचं, पत्र्याचं किंवा फळ्यांचं, तेच सगळ्यात आधी कोसळतं.

हे सगळं होताना आम्ही सहा जण घमेली घेऊन उभे. मला बरं वाटलं की आमचं मत कोणी विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर

ओतलेले काँक्रीटचे दगड आजपासून भिंतीत. नात प्रत्येकावर बोटानं नंबर टाकत होती.

एक लिहून ठेवते, संस्थेला पण कळवणार आहे. आमच्या सहा जणांच्या प्रवासाला आणि राहण्याखाण्याला जो खर्च आला त्यात इथला अजून एक डकर्मी महिनोन् महिने कामावर ठेवता आला असता, आणि तो आमच्या सहा जणांपेक्षा जास्त भिंत चढवेल. मग आम्ही कशाला आलो? दगड वाहायला माणूस खरंच कमी आहे, कोदो म्हणजे नाचणी आणि भात दोन्ही कापणीला आलेत, आमा-सुनेचे हात आमच्यामुळे शेतासाठी सुटले, एवढा उपयोग दिसतो. बाकी आम्ही शिकलो ते आमचं. पुढच्या वेळी चार माणसं कमी पाठवा आणि ते पैसे गवंड्यांच्या ट्रेनिंगला लावा असं माझं मत, आयटीवाल्यांना हे आवडलं नाही, म्हणाले मग पैसे कोण देईल, आल्याशिवाय कोणी देत नाही. त्यांचंही खोटं नाही.

१७ नोव्हेंबर

लिंटेलचा पट्टा तीन भिंतींवर. चौथी सिकर्मीच्या तारखेवर. संध्याकाळी सेलरोटी, गुंद्रुकचं आंबट, आणि कतारहून व्हिडिओ कॉल, मुलाला सगळी भिंत फोन फिरवून दाखवली. त्यानं पहिलं विचारलं की थ्रू स्टोन घातले का. कतारमध्ये बांधकामावरच आहे तो.

१८ नोव्हेंबर, भक्तपूर

पहाटे निघून काठमांडू, तिथून भक्तपूर. सार्क देशवाल्यांना, म्हणजे आपल्यालाही, पाचशे नेपाळी तिकीट. दरबार चौकात वत्सला देवीचं दगडी देऊळ होतं तिथे आता नुसता चौथरा. आणि पलीकडच्या चौकात न्यातपोल, पाच छपरांचं, १७०२ चं, १९३४ च्या भूकंपात उभं राहिलं आणि २०१५ लाही. पायऱ्यांवर दोन्ही बाजूंना जोड्या, खाली पैलवान, वर हत्ती, मग सिंह, प्रत्येक वरची जोडी खालचीपेक्षा दहापट ताकदवान म्हणतात. मला त्या पायऱ्यांचा चौथराच जास्त आवडला, पाच टप्प्यांचा रुंद पाया, वर चारी बाजू सारख्या, लाकडाच्या चौकटी. बाकीचे पंचावन्न खिडक्यांचा राजवाडा बघायला गेले, मी तिथेच बसून जुजु धौ खाल्लं, मातीच्या वाडग्यातलं दही, एक संपवून दुसरं घेतलं.

गल्लीत विटांची घरं अजून टेकूंवर आहेत. पर्यटक खाली सेल्फी काढतात आणि टेकूला टेकून उभे राहतात, ते करू नका.

१२ डिसेंबर, पुणे

आज फोटो आले. चौथ्या भिंतीचा पट्टा आम्ही निघाल्यावर चारच दिवसांत बसला, मग मतदानाला काम बंद, आणि आता छप्पर चढलंय. त्रिकोणात पत्रा. इंजिनिअरची तपासणी झाली, एका ठिकाणी खिळे कमी म्हणून परत ठोकायला लावले आणि पास केलं, शेवटच्या हप्त्याचे कागद गेलेत. चूल आत नाही, वेगळ्या खोपटात, सुनेचा हट्ट.

साचे तिथेच ठेवलेत, वरच्या वस्तीतल्या घराला लागतील. तिथे रस्ता नाही, सिमेंटची गोणी पाठीवरूनच जाणार, त्यामुळे पुढच्या बॅचनी आधी ढिगारा उलथा करून लांब दगड वेगळे काढावेत आणि कमी पडतील तेवढेच ओतावेत. कापडी हातमोजे दोन दिवसात फाटतात, रबराचं कोटिंगवाले आणा, आणि मोठ्या दाइंना एक चांगला पितळी ओळंबा, त्यांच्या दोरीला सध्या नटबोल्ट बांधलाय.